पेटीत राहिलेलं कार्ड

सिस्टरताईंना विचारा : वाचकांचे प्रश्न

(सिस्टरताईंनी बीड जिल्ह्यात आधी उपकेंद्रात एएनएम (परिचारिका) आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून ३३ वर्षं काम केलं. पत्र पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : सिस्टरताई, मी वडवणी तालुक्यातली. वय २१, पहिलंच आहे, पाचवा महिना चालू आहे. उपकेंद्रात नाव घातलंय, दोनदा तपासलंय, एचबी (हिमोग्लोबिन) ८.९ आलंय. आम्ही ऊसतोडीची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली आहे. दिवाळी झाली की टोळी कोल्हापूरकडं निघणार. मी घरी राहिले तर मालक (माझे नवरे) एकटे पडून अर्धा कोयता होतात आणि उचल फिटत नाही. माझी आई, भाऊ, भावजय पण टोळीतच जातात. घरी फक्त आजेसासू. तिकडं दवाखान्यात जायचं म्हटलं तर एका खाड्याचे (बुडालेल्या दिवसाचे) हजार रुपये कापतात. इकडचं कार्ड तिकडं चालतं का? बाळंतपण कुठं करू? शेवटची पाळी अक्षय तृतीयेनंतर आठ दिवसांनी आली होती.

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रातली शेवटची ओळ आधी घेते. अक्षय तृतीयेनंतर आठ दिवसांनी पाळी, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की तुझी तारीख महाशिवरात्रीच्या चार-पाच दिवस अलीकडं येते. असे किती सण मी तारखांत बदलून रजिस्टरला लिहिले असतील! कुणी नागपंचमी सांगायची, कुणी पोळ्याचा दुसरा दिवस. सण बरोबर सांगणाऱ्या बाईची तारीख सहसा चुकत नाही. तुझ्या कार्डावरची तारीख याच्याशी जुळते का, ते बघून घे. महाशिवरात्रीला हंगाम ऐन भरात असतो, म्हणून आत्तापासून ठरवायला हवं.

कार्ड चालतं. माता-बाल संरक्षण कार्ड महाराष्ट्रात कुठंही चालतं, कर्नाटकातही चालतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ ला सुरू झाला. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर झालं तरी फुकट. औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, न्यायला-आणायला गाडी, हे सगळं त्यात येतं. तू त्या गावची नाहीस म्हणून तुला परत पाठवता येत नाही. कुणी पाठवायला लागलं तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं नाव विचार आणि १०४ ला फोन लाव.

पण कार्ड चालायला ते तुझ्याजवळ असावं लागतं. एक गोष्ट सांगते. ती मला आजही सांगायला जड जाते.

पंधराएक वर्षं झाली असतील. माझ्या उपकेंद्रातल्या एका गावात तुझ्याच वयाची एक सून होती, सातवा महिना. मी तिचं एचबी पाहिलं, ६.८. सातच्या खाली म्हणजे फार धोक्याचं. कार्डावर लाल शाईनं लिहिलं, "रक्त द्यावे लागेल, जिल्हा रुग्णालय", आणि तिला जीव तोडून समजावलं. ती मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचा ट्रक निघाला आणि ती त्यात बसून गेली. जानेवारीत तिकडं रात्री कळा आल्या. पहिल्या दवाखान्यानं पुढं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. तिचा रक्तगट कोणता, अंगात रक्त किती, आधी काही सांगितलं होतं का, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. सगळं पहिल्यापासून तपासण्यात पहाट झाली. ती वाचली, बाळ गेलं. एप्रिलमध्ये टोळी परत आल्यावर मी घरी गेले. सासूनं पेटी उघडली, साड्यांच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. हरवू नये म्हणून जपून ठेवलं होतं त्या माउलीनं. मला म्हणाली, "बाई, आता ह्याचं काय करू?"

मी त्या सुनेशी बोलायला बसले. इतक्या वर्षांत अशा बायकांना मी बोल लावत आले होते, ऐकत नाहीत म्हणून. त्या दिवशी तिनं मला हिशेब सांगितला. कोयता जोडीचा असतो. ती दवाखान्यात गेली की नवऱ्याचंही काम थांबतं, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायला कुणी नसतं. खाडा दोघांचा पडतो, वर जीपचं भाडं. रक्त द्यायला तिला जिल्ह्याला तीन दिवस राहावं लागलं असतं आणि ट्रक तर निघत होता. दवाखाना फुकट होता, ते तीन दिवस फुकट नव्हते. तिला सगळं कळत होतं, तिच्या हातात काही नव्हतं. म्हणून तू खाड्याचं लिहिलंस ते मला अगदी पटलं. आपल्याकडच्या योजना बाईच्या पोटाचा विचार करतात, तिच्या दिवसाचा करत नाहीत.

आता तुझं. माझं मन विचारशील तर सांगते, जाऊ नकोस. पण घरी एकटी आजेसासू, आणि रात्री दोन वाजता तुला कोण नेणार, हा तुझा प्रश्न खरा आहे. दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी उरतात, ते मी पाहिलंय. मग मला सुचतो तो मधला रस्ता असा : गेलीसच तर संक्रांतीपर्यंत. संक्रांतीला तुझे छत्तीस आठवडे भरतील. त्या सुमारास तू आणि सोबत एक बाईमाणूस, आई असली तर फारच चांगलं, एसटीनं परत या. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ट्रक-ट्रॅक्टरनं येऊ नको. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, ही रीत टोळी नेणाऱ्या मुकादमालाही मोडवत नाही. तिचा आधार घे. पैशाचं बोलणं उचलीच्या वेळीच झालेलं बरं. तुमची उचल झाली असली तरी निघण्याआधी मालकांनी मुकादमाशी बोलून त्याच्या वहीत लिहून घ्यावं, की संक्रांतीनंतर बाई नाही आणि त्याआधी महिन्याला एक दिवस तपासणीचा, त्याचा खाडा नाही. चार माणसांसमोर लिहिलेलं मोडायला त्याला जड जातं. एक-दोन जणांनी ते लिहून घेतल्याचं मी पाहिलंय.

निघण्याआधी एक दिवस काढ आणि एवढं उरक. एचबी परत तपास. ८.९ ला रोज एक लोहगोळी पुरत नाही, दोन लागतात. डॉक्टरांना विचारून दोन सुरू कर आणि महिन्यानं पुन्हा बघ. चढलं नाही तर शिरेतून लोह देतात, त्याला भिऊ नको. गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत घे, चहासोबत कधीच नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होईल, ते लोहाचं असतं, घाबरून बंद करू नको. दोन महिने पुरतील एवढ्या गोळ्या मागून घे. सिस्टर द्यायला कां-कूं करत असल्या तर कार्डावर "स्थलांतर" असं लिहून मागितल्या की देतात. धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही घे. सोनोग्राफी झालेली नसेल तर हाच महिना आहे.

मातृवंदना योजनेचा फॉर्म आशाताईकडून इथंच भर. पहिल्या बाळाला ५००० रुपये दोन हप्त्यांत येतात, ३००० आधी आणि २००० बाळाच्या जन्मनोंदणीनंतर, पहिल्या लसी झाल्या की. इथं बायका फसतात ते जन्मनोंदणीत. बाळ जिथं जन्मतं तिथंच त्याची नोंद होते, आणि २१ दिवसांत. तिकडं बाळंतपण झालं तर दाखला तिकडूनच घेऊन ये. एप्रिलमध्ये बीडात बसून कोल्हापूरचा दाखला काढायचा म्हणजे परत खाडे. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीत असशील तर जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये वेगळे. बँक खातं तुझ्या स्वतःच्या नावावर, आधारला जोडलेलं हवं. आणि अंगणवाडीताईंना सांगून जा. तिकडच्या गावच्या अंगणवाडीत तुझा आहार लावून घेता येतो.

कार्ड कुठं ठेवायचं? आपल्या म्हाताऱ्या तंबाखूला चंची वापरतात तशी कापडी, तीन कप्प्यांची, नाडीची चंची शिव. एका कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये कार्ड, दुसऱ्यात आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स, तिसऱ्यात हजार रुपये, जे काही झालं तरी मोडायचे नाहीत. कमरेला बांध. कोपीत (झोपडीत) ठेवलीस तर तुम्ही उसाच्या फडात असताना ती जळेल, भिजेल नाहीतर शेळी खाईल. कार्डाच्या मागच्या बाजूला बॉलपेननं मोठ्या अक्षरात लिही : रक्तगट, शेवटचं एचबी आणि त्याची तारीख, बाळंतपणाची तारीख, घरचा फोन. पेटीतल्या त्या कार्डानंतर मी निवृत्त होईपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डामागं हे स्वतः लिहीत होते.

फडात गेल्यावर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं नाही. तीस-चाळीस किलोचं ओझं आणि खाली दवानं ओली झालेली फळी. हे मालकांना वाचून दाखव. तू बसून वाढं (उसाचे शेंडे) बांधलंस तरी कोयता चालतो.

आणि हे झालं तर खाडा, मुकादम, पैसा काहीही न बघता निघायचं : अंगावरून थोडंसुद्धा रक्त जाणं, तोंडावर सूज येऊन डोकं ठणकणं किंवा डोळ्यांपुढं अंधारी, झटका, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, बसल्या जागी धाप लागणं. गाडीला १०८ किंवा १०२. मालकांना हे पाठ करायला लाव. त्या वेळी तुला बोलता येईलच असं नाही.

प्रश्न : आमचा वाळवा तालुक्यात ऊस आहे. दरवर्षी मळ्यात बीडकडची टोळी उतरते. गेल्या हंगामात त्यातल्या एका बाईला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. तिच्या नवऱ्यानं १०८ ला फोन केला, पण कुठं यायचं ते त्याला सांगताच येईना. शेवटी आमच्या ट्रॅक्टरवरून नेली, वाटेतच बाळ झालं. दोघंही सुखरूप आहेत, पण ती रात्र माझ्या मनातून जात नाही. आमच्या आशाताई म्हणतात, ती माणसं आमच्या यादीत नाहीत. मी एकटी बाई काय करू शकते?

उत्तर : ताई, तुम्ही त्या रात्री ट्रॅक्टर काढलात, त्याबद्दल त्या बाईच्या मुलखातली म्हणून मी तुमचे आभार मानते.

त्या नवऱ्याला जागा सांगता आली नाही, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. टोळीतल्या माणसाला फडाचं नाव माहीत नसतं. आज एका शिवारात, चार दिवसांनी दुसऱ्या. त्याला कारखान्याचं नाव येतं आणि मुकादमाचं. यंदा टोळी उतरली की पहिल्याच दिवशी एका पत्र्यावर रंगानं ठळक लिहा : गावाचं नाव, मळ्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा डीपी, रस्त्यावरून कुठं वळायचं, तुमचा फोन नंबर, आणि खाली १०८. तो पत्रा कोपींच्या मधोमध, दिवा असेल तिथं लावा. अक्षर न येणारी माणसंही तो फोनवर कुणाला तरी वाचायला लावतील. खर्च काहीच नाही.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ मध्ये लिहिलं, की बाळंतीण जाते ती तीन उशिरांनी : घरात ठरवायला उशीर, वाटेत उशीर, दवाखान्याच्या दारात उशीर. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवायचे. टोळीतल्या बाईचा पहिला उशीर घरात होत नाही, मुकादमाच्या वहीत होतो, कारण खाडा तिथं लिहिला जातो. दुसरा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात.

आशाताईंवर रागावू नका. आशाला बरेचसे पैसे कामामागं मिळतात आणि काम तिच्या गावच्या यादीवर मोजलं जातं. यादीत नसलेल्या बाईसाठी ती धावली तर पदरमोड तिचीच. म्हणून तुम्ही, आशाताई आणि गावातली अजून दोन माणसं मिळून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, की अमुक मळ्यात इतक्या कोपी आहेत, त्यात गरोदर इतक्या, पाच वर्षांखालची मुलं इतकी. लेखी गेलं की सर्वेक्षणात घ्यावं लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ते सांगाल तर त्या हो म्हणतील आणि येणार नाहीत, कारण पहाटे चारला फडात गेलेली बाई गाडी भरेपर्यंत सुटत नाही. सिस्टरना संध्याकाळी कोपीवरच यायची विनंती करा, नाहीतर कारखान्याची तोड बंद असेल तो दिवस धरा. तो दिवस कधी ते मुकादमाला आदल्या रात्री कळतं. त्याचा नंबर घेऊन ठेवा. चांगल्या सिस्टर येतात. मी टॉर्चच्या उजेडात पोटं तपासलेली आहेत.

पुन्हा कधी वाटेत बाळ झालंच तर एवढं ध्यानात ठेवा. बाळ कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि उघडंच आईच्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरूण घालायचं. अंघोळ नाही. नाळ कोयत्यानं, ब्लेडनं कापायची नाही, दवाखान्यात कापतील. वार (नाळेला जोडलेली असते ती) ओढायची नाही. पोट दाबायचं नाही. आणि रक्ताकडं लक्ष ठेवायचं. बाळंतपणानंतर धार लागली तर अंगात रक्त कमी असलेली बाई दोन तासांतसुद्धा हातची जाते. दवाखान्यात बाळ झाल्या मिनिटाला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. बाळ झालं, रडलं, म्हणून गाडी मागं वळवू नका. पुढंच न्या.

आणि ताई, तुमच्या मळ्यात मोटरीचं पाणी असेलच. कोपींशेजारी चार बाजूंनी साडी लावून एक मोरी करून दिलीत तर त्या बायकांना अंधार पडायची वाट बघावी लागणार नाही. दिवसभर लघवी दाबून धरल्यानं गरोदरपणात लघवीचा संसर्ग होतो आणि त्यातून दिवस भरायच्या आत कळा येतात.

प्रश्न : माझी बायको २७ वर्षांची, दोन लेकरं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. आम्ही केज तालुक्यातले, ऊसतोडीला जातो. तिच्या अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं. एका खासगी डॉक्टरनं सोनोग्राफी केली, गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल म्हणाले. मुकादम म्हणतो, काढून घ्या, पैसे मी उचलीत धरतो, परत खाड्याची कटकट नाही. काढावी का?

उत्तर : भाऊ, थांबा. मुकादम ऑपरेशनला पैसे द्यायला तयार आहे, यावरूनच ओळखा की यात फायदा कुणाचा आहे.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. त्यातल्या कितीतरी जणींना मी ओळखते. तिशीत कंबर धरून चालतात, अंगातून वाफा निघतात म्हणतात, झोप नाही. पिशवीबरोबर बीजांडकोश काढले की पाळी जायचं वय एका दिवसात येतं आणि हाडं ठिसूळ होत जातात. मग तीच बाई मोळी उचलू शकत नाही आणि उचल तर अंगावर असते.

पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. त्यासाठी सोनोग्राफीपेक्षा आतून तपासणी महत्त्वाची, आणि ती तिची झालीच नसावी असं तुमच्या पत्रावरून वाटतं. कॅन्सरची शंका असेल तर त्याचीही तपासणी असते, ती सरकारी रुग्णालयात होते. नुसती शंका म्हणून २७ व्या वर्षी पिशवी काढत नाहीत. तिला जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा. आपल्या जिल्ह्यात २०१९ च्या त्या सगळ्या प्रकरणानंतर खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलेलं आहे. त्या डॉक्टरांना विचारा, परवानगीचा कागद कुठं आहे. पुढचं ते काय बोलतात ते ऐका.

औषध सुरू झालं की तुम्हालाही गोळ्या देतील. घ्या. बायकोनं एकटीनं घेतल्या तर संसर्ग फिरून परत येतो, आणि मग बायका म्हणतात औषधानं गुण येत नाही. कोर्स अर्धवट सोडायचा नाही. दिवाळीला अजून वेळ आहे, तो निघायच्या आत पूर्ण होईल.

सोनोग्राफीचा रिपोर्ट त्या दवाखान्यात ठेवून घेतला असेल तर मागून घ्या. पैसे तुम्ही भरलेत, कागद तुमचा आहे. अंबाजोगाईला जाताना तो सोबत असू द्या आणि बायकोला बाहेर बसवून तुम्हीच बोलू नका. तिला कधीपासून दुखतं, पाळी किती दिवस जाते, कसलं कापड वापरते, हे तिचं तिला सांगू द्या.